मामाचं शेड आणि ओव्याचं पाणी

दिवाळीत एकोडीला जाऊन आले. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, पण आधी थोडं वाचून घ्यावं म्हटलं, आणि वाचता वाचता दोन महिने कसे गेले कळलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एकोडी हे भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातलं गाव. माझं आजोळ. नागपूरहून महामार्गाने साकोलीपर्यंत यायचं आणि तिथून आत वळायचं. धानाच्या बांध्या, मधूनच एखादी बोडी, लांबवर जंगलाची रेघ. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला आलेलं असतं आणि गावोगाव मंडईची गडबड असते. लहानपणी मामाकडे जायचं म्हणजे अंगणभर कोंबड्या आणि संध्याकाळी त्यांना डाल्याखाली झाकण्याची आमची धावपळ. आता अंगणात दोन-चार गावठी कोंबड्या उरल्यात, आणि मागच्या बाजूला मामेभावाचं शेड आहे. तीन हजार पक्षी. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, पाणी, वीज आणि घाम ह्याचा.

ह्या वेळी बघितलं तर मामी मोठ्या गंजात ओवा उकळत होती. म्हटलं एवढा काढा कोणासाठी? तर म्हणे शेडसाठी. ते पाणी गाळून पिण्याच्या पाण्याच्या टाकीत जातं. कंपनीचा सुपरवायझर हसतो, पण नको म्हणत नाही. मामेभावाने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तू एवढं वाचत असते. सांग बरं, ह्या ओव्यानं खरंच काही होते का, का आईचं मन राखाले चालू ठेवू?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि ह्या प्रश्नाचं उत्तर 'चालू ठेव रे, काय बिघडतं' असं देऊन सोडून देण्यासारखं आमच्या घरात नाही. का, ते नातेवाईकांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते.

२०१८ साली मामा आजारी पडला. साधं लघवीचं इन्फेक्शन, असं वाटलं होतं. साकोलीहून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून मी पहिल्यांदा कल्चर रिपोर्ट नावाचा कागद नीट वाचला. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे इंग्रजी आर किंवा एस. आर म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला जंतू दाद देत नाही. वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. शेवटी एकाच नावासमोर एस होता : कोलिस्टिन. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की हे शेवटच्या फळीतलं औषध आहे, मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, पण दुसरा पर्याय नाही. मामा वाचला. तेवीस दिवसांनी घरी आला. क्रिएटिनिन मात्र तेव्हापासून जे वर गेलंय ते आजतागायत पूर्ण खाली आलेलं नाही.

त्याला घरी सोडायला मी एकोडीला गेले. दुसऱ्या दिवशी शेडच्या कोपऱ्यात फळीवर ठेवलेल्या पुड्यांकडे सहज नजर गेली. एका पुडीवर ते नाव होतं. कोलिस्टिन. 'वाढीसाठी व आतड्याच्या आरोग्यासाठी.'

त्या पुडीमुळे मामा आजारी पडला, असं मी म्हणत नाही. तसं सिद्ध करणारं माझ्याकडे काहीही नाही, आणि असा जंतू कुठूनही येऊ शकतो, दवाखान्यातूनसुद्धा. पण ज्या औषधासाठी आम्ही नागपुरात फार्मसीच्या खिडकीशी ताटकळलो, ते घरी कोंबड्यांच्या पाण्यात चमच्याने पडत होतं, हे मी विसरू शकत नाही.

तर मामेभावाच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसले, आणि पहिलाच धक्का हा बसला की कोंबडीच्या खाद्यात अँटिबायोटिक शिरलं ते आजारी कोंबडी बरी करायला नाहीच. ते शिरलं चुकून.

गोष्ट अमेरिकेतली, न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर गावची. तिथे लेडर्ली नावाच्या औषध कंपनीची प्रयोगशाळा होती आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांच्याच कारकिर्दीत बेंजामिन डग्गर ह्या वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीतल्या एका जंतूपासून ऑरिओमायसिन शोधलं. टेट्रासायक्लिन गटातलं हे पहिलं औषध, १९४८ साली जाहीर झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. पुढची गंमत त्यांना बघायला मिळाली नाही.

तिथेच थॉमस ज्यूक्स नावाचा पोषणशास्त्रज्ञ वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होता. युद्धानंतर अमेरिकेत कोंबड्या अंगणातून उचलून शेडमध्ये कोंडल्या जात होत्या. खाद्य स्वस्त हवं, म्हणून मासळीच्या कुटीऐवजी सोयाबीन. पण नुसत्या वनस्पतींच्या खाद्यावर पिल्लं खुरटायची. प्राण्यांपासून येणारं काहीतरी कमी पडत होतं, आणि ते म्हणजे जीवनसत्त्व बी-१२. ते स्वस्तात कुठून मिळेल हे ज्यूक्स शोधत होता. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरणारा चोथा त्याने पिल्लांना घालून बघितला, कारण त्यात बी-१२ असणार होतं. १९४८ च्या नाताळच्या दिवशी, बाकी लोक सुट्टीवर असताना, त्याने स्वतः पिल्लं तोलली. चोथा खाल्लेली पिल्लं सगळ्यांत वजनदार. नुसतं बी-१२ मिळालेल्यांपेक्षाही. चोथ्यात राहून गेलेलं थोडं ऑरिओमायसिन हे काम करत होतं.

कंपनीने आधी तो चोथा बी-१२ चा स्रोत म्हणून विकायला सुरुवातही केली. आत अँटिबायोटिक आहे हे १९५० साली जगजाहीर झालं आणि १९५१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगीही मिळाली. डॉक्टरची चिठ्ठी नको, काही नको. टनाला दहा ग्राम.

मी इथे थांबले आणि आजीच्या कोंबड्या आठवल्या. आजीची कोंबडी दिवसभर उकिरडा उकरायची, किडे-गांडुळं खायची, शेणात चोची मारायची. आजोबा जंगलाकडून येताना वारुळाची ढेकळं आणायचे. ती अंगणात आपटली, की पिल्लं उधईवर तुटून पडायची. बी-१२ आजीच्या कोंबडीला कधी कमी पडलंच नसणार. ज्यूक्सचा प्रश्न हा मुळात कोंबडी कोंडल्यामुळे उभा राहिलेला प्रश्न होता.

(आजीच्या कोंबडीचं फार कौतुकही नको. दीड किलोची व्हायला सहा महिने घ्यायची, आणि मानमोडी आली की आठवड्यात खुराडं रिकामं. मानमोडी म्हणजे राणीखेत. आपल्याकडे हा रोग रानीखेतला १९२७ साली ओळखला गेला, म्हणून त्याला ते नाव. हा विषाणूचा रोग, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, ओवाही चालत नाही, फक्त लस चालते. १९१८ च्या तापाच्या साथीलाही लोक मानमोडीच म्हणायचे. कोंबड्यांचं बघून माणसांच्या रोगाला नाव दिलं, की उलटं, कोण जाणे.)

आता अँटिबायोटिकने कोंबडी वाढते कशी? पोटातले जंतू खाद्यातला काही हिस्सा खातात, शिवाय शरीर त्यांच्याशी सतत थोडं थोडं लढत असतं, आतड्याचं अस्तर जाड होतं. थोडं अँटिबायोटिक पडलं की हा खर्च वाचतो. हे एक स्पष्टीकरण. पण मला सगळ्यांत बोलकी वाटली ती इंग्लंडमधली प्रयोगाची एक मालिका. पिल्लं पूर्ण निर्जंतुक पेटीत वाढवली तर अँटिबायोटिकने त्यांची वाढ वाढतच नाही. जुन्या, मळक्या खोलीत फरक जास्त दिसतो, नव्या-स्वच्छ खोलीत कमी. म्हणजे ती पुडी टॉनिक नव्हतीच. ती घाणीची आणि गर्दीची भरपाई होती. झाडून काढण्याऐवजी अत्तर शिंपडावं तसं.

ह्यावर पहिली ठाम शंका ब्रिटनने घेतली. मायकेल स्वान ह्यांच्या समितीने १९६९ मध्ये सांगितलं, की जी औषधं माणसांना लागतात ती जनावरांच्या वाढीसाठी वापरू नका. आणि मग १९७० च्या दशकाच्या मध्यात बोस्टनजवळच्या एका शेतावर स्टुअर्ट लेव्ही ह्या डॉक्टरने एक साधा प्रयोग केला, जो वाचताना मला एकसारखं मामाचंच घर दिसत होतं. शेतावर राहणारं एक कुटुंब, तीनशे कोंबड्या. अर्ध्यांना साधं खाद्य, अर्ध्यांना थोडं टेट्रासायक्लिन घातलेलं. काही दिवसांतच औषध खाणाऱ्या कोंबड्यांच्या पोटातले जंतू औषधाला पुरून उरले. ते अपेक्षितच होतं. पण पाच-सहा महिन्यांत घरातल्या माणसांच्या पोटातही तेच! त्यांच्या दर आठवड्याच्या नमुन्यांपैकी ३१ टक्के नमुन्यांत बहुतेक जंतू टेट्रासायक्लिनला न जुमानणारे निघाले, शेजाऱ्यांच्यात हे प्रमाण जेमतेम ७ टक्के. ह्या लोकांनी स्वतः गोळ्या खाल्ल्या नव्हत्या. फक्त कोंबड्यांची उठबस केली होती. १९७६ साली हे प्रसिद्ध झालं. गंमत म्हणजे ह्या प्रयोगाला पैसा पशुऔषध उद्योगाच्याच संघटनेने दिला होता. दिलासा एवढाच, की ते खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांत बहुतेकांच्या पोटातून असे जंतू ओसरले.

हे वाचलं त्या रात्री मी मामीला फोन करून शेडातून आल्यावर साबणाने हात धुवायला सांगितलं. ती म्हणाली, "मी काय लहान पोट्टी आहो का?"

असो.

मग बंदीचा प्रवास सुरू झाला. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीची सगळी अँटिबायोटिक्स बंद केली, आणि ती मागणी तिथल्या शेतकऱ्यांचीच होती. डेन्मार्कने १९९० च्या दशकात एकेक करत थांबवली. १ जानेवारी २००६ पासून सगळ्या युरोपीय संघात बंद. आणि नेमकी तेव्हापासून युरोपात वनस्पतींच्या अर्कांची लाट आली : थाईम, ओरेगानो, दालचिनी, लसूण. चकचकीत डबे, आत तेलाचे सूक्ष्म कण, टनाला अमुक ग्राम.

थाईम आणि ओरेगानोत काम करतं कोण? थायमॉल आणि कार्वाक्रॉल नावाची दोन द्रव्यं. ती जंतूच्या आवरणाला भोकं पाडतात, प्रयोगशाळेच्या बशीत तर हे अगदी छान दिसतं. आणि थायमॉल सगळ्यांत भरभरून कशात असतं? ओव्यात. ओव्याच्या तेलाचा बराच मोठा हिस्सा थायमॉलच असतो. आपल्याकडे किराणा दुकानात 'ओव्याची फुलं' म्हणून जे पांढरे खडे मिळतात, भीमसेनी कापूर आणि पेपरमिंटबरोबर अमृतधारेत जातात, ते म्हणजे थायमॉलच. फुलांशी काही संबंध नाही!

ह्या ओव्याचा एक जुना प्रवासही आहे. पहिल्या महायुद्धाआधी भारतातून ओवा पोत्यांनी जर्मनीला जायचा. तिथे त्यातून थायमॉल काढायचे आणि जगाला विकायचे. तेव्हा ते अंकुशकृमीवरचं, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या जंतांवरचं मुख्य औषध होतं. १९१४ ला युद्ध पेटलं, वाट बंद झाली आणि इंग्रजांच्या लक्षात आलं की माल आपल्या राज्यातला आणि कारखाने शत्रूकडे. म्हणजे ओव्याने पोटातल्या किड्यांवर इलाज करता येतो, हे मामीचं शास्त्र शंभर वर्षांपूर्वी जगाच्या औषधालयात रीतसर बसलेलं होतं.

दुसरा योगायोग हळदीचा. ज्या सुमारास ज्यूक्स पिल्लं तोलत होता, जवळजवळ त्याच सुमारास, १९४९ साली, 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण आलं : हळदीतलं कर्क्युमिन जंतूंची वाढ रोखतं. त्याआधी १९४४ मध्ये चेस्टर कॅव्हॅलिटो ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने लसणातून अ‍ॅलिसिन वेगळं काढलं होतं. म्हणजे दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या होत्या. मग जग एकाच वाटेने का गेलं?

माझं उत्तर : वजनामुळे. अ‍ॅलिसिनची ताकद पेनिसिलिनच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतकी भरली. आणि हळदीचं मी मामेभावाच्या शेडपुरतं गणित मांडलं. एक पक्षी दोन किलोचा होईपर्यंत सव्वातीन किलो खाद्य खातो. तीन हजार पक्षी, म्हणजे जवळपास दहा टन. अँटिबायोटिक टनाला दहा ग्राम धरलं तर सगळ्या बॅचला शंभर ग्राम, मुठीत मावेल इतकं. हळद प्रयोगांत घालतात तशी अर्धा टक्का घातली तर पन्नास किलो! आमच्या सगळ्या खानदानाच्या लग्नांत मिळून तेवढी हळद लागली नसेल. मुठीतली पुडी आणि पन्नास किलोचं पोतं ह्यांच्या शर्यतीत पोतं कसं जिंकणार?

इथे मला एका गोष्टीचा राग येतो, तोही सांगून टाकते. 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असे जे संदेश फिरतात, त्यात हळद पहिल्या नंबरवर असते. जखमेवरच्या हळदीचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं आणि माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, हे अभिमानाचंच. पण ते रद्द कसं झालं? जुनी छापील पुरावा-कागदं पुढे ठेवून. छाती बडवून नव्हे. कोंबडीच्या बाबतीत पुरावा काय सांगतो ते मग ऐकायची तयारी हवी. भारतातल्या कितीतरी पशुवैद्यक महाविद्यालयांतून हळद, लसूण, ओवा, तुळस, कडुलिंब, शेवगा घालून प्रयोग झालेत. काहींत वजन वाढलं, काहींत काहीच फरक नाही. कारण उघड आहे. एका शेतातला ओवा दुसऱ्यासारखा नसतो, तेल कमी-जास्त असतं. बाजारातल्या हळदीत कर्क्युमिन किती आणि भेसळ किती हे देवाला माहीत. पाण्यात उकळलं तर ओव्याचं तेल वाफेबरोबर उडून जातं (मामी, झाकण ठेवत जा!). आणि स्वच्छ शेडमध्ये ह्यांचाही फरक कमीच दिसतो, अँटिबायोटिकसारखाच. हळदीची एक उलटी बाजू मात्र मला आवडली : माणसांच्या औषधासाठी कर्क्युमिनची तक्रार ही, की ते आतड्यातून रक्तात नीट शोषलं जात नाही. कोंबडीच्या बाबतीत काम आतड्यातच असतं. राहू दे तिथेच.

जुन्या ज्ञानाकडे नीट बघणारेही आहेत, नाहीत असं नाही. अंथ्रा नावाची संस्था स्त्री-पशुवैद्यांनी १९९० च्या दशकात सुरू केली. महाराष्ट्र आणि आंध्रातल्या गावोगावच्या पशुवैदूंचे उपचार त्यांनी नोंदवले आणि तपासले. कोंबड्या घरोघरी बायका सांभाळतात, म्हणून बायकांना विचारलं. किती साधी गोष्ट, पण आधी कोणाला सुचली नव्हती. मामीला आजवर एकाही सुपरवायझरने काही विचारलेलं नाही.

आपल्या देशात काय झालं ते थोडक्यात. कोंबडीचा आधुनिक धंदा वाढला तो १९७० नंतर. डॉ. बी. व्ही. राव ह्यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली, १९८२ मध्ये अंडी समन्वय समिती आली आणि 'संडे हो या मंडे' घरोघरी पोचलं. ह्या दोन्हींचा कारभार आमच्या पुण्यातून. पुण्यालाच लागून पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ साली उभा राहिलेला सरकारी कारखाना, पेनिसिलिन देशात बनावं म्हणून. तो उभा राहिला तेव्हा माणसांनाच औषध पुरत नव्हतं. पुढे ते इतकं स्वस्त होईल की कोंबडीला घालता येईल, ही त्या वेळी चैनीची कल्पना वाटली असती. १९९० च्या दशकात कोइमतूरकडून करार पद्धत पसरली आणि यथावकाश एकोडीत आली.

नियम मागून आले. भारतीय मानक ब्यूरोने २००७ मध्ये कोंबडी-खाद्याच्या मानकात लिहिलं, की वाढीसाठीची अँटिबायोटिक्स पाच वर्षांत थांबवावीत. पण मानक ऐच्छिक! २०१२ मध्ये नियम झाला, की औषध दिल्यावर मांसासाठी किती दिवस थांबायचं ते लेबलवर लिहा. २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने दिल्ली परिसरातले सत्तर नमुने तपासले, चाळीस टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. २०१५ च्या शेवटी चीनमधून बातमी आली, की कोलिस्टिनला न जुमानण्याचा गुण एका जंतूतून दुसऱ्या जंतूत उडी मारू शकतो. आणि जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्यप्राण्यांसाठी, कोंबड्यांसाठी कोलिस्टिन बंद केलं. मामा घरी आला त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. मामेभावाने फोन करून विचारलं होतं, "ताई, ते बंद झालं म्हणते. बाबाले देल्लं होतं तेच ना?" मी हो म्हटलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. फळीवरची पुडी त्याने खड्डा करून पुरली. अशी पुरायची असते की नाही, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आता डेन्मार्कचं एक गणित, कारण मामेभावाला द्यायचं उत्तर मला तिथे सापडलं. बंदीनंतर तिथल्या कोंबड्या पटापट मेल्या का? नाही. एक किलो कोंबडी तयार व्हायला जे खाद्य लागायचं त्यात वाढ झाली साधारण सोळा ग्रामची. (त्यांच्याकडे कॉक्सिडिओसिसवरचं औषध चालूच होतं, शेडही चांगली, हे खरं.) आपल्या शेडला लावून बघू : दोन किलोचे तीन हजार पक्षी, गुणिले सोळा ग्राम. शहाण्णव किलो. दोन पोती खाद्य.

दोन पोत्यांसाठी आपण काय काय पणाला लावलं होतं, हे बघून मी वही मिटून टाकली.

पण मामेभावाला ती दोन पोतीही जड आहेत, हेही खरं. त्याला पैसे मिळतात ते खाद्य किती लागलं आणि वजन किती भरलं ह्यावर. दोन पोती जास्त लागली तर ती त्याच्या हिशोबातून कापली जातात, कंपनीच्या नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या अफवेने कोंबडी कोणी फुकट घेईना, ते त्याने बघितलंय. त्याला 'नैतिक हो' म्हणणं मला पुण्यात बसून सोपं आहे.

मागच्या आठवड्यात त्याला फोन केला. म्हटलं, ओव्याने थोडं काहीतरी होत असावं, चालू ठेव, पण झाकण ठेवून उकळा आणि पाणी थंड झाल्यावर लगेच द्या. ओव्यापेक्षा जास्त काम तुझं तूस करेल. खालचं तूस रोज हलव, ओलं झालं की काढ, चुना टाक, पक्षी थोडे कमी घे, पंखे वाढव. धानाचं गाव आहे आपलं, तुसाला काय तोटा? त्यावर तो म्हणाला, "ते तं बाबाच करते आता रोज. दंताळं घेऊन बसते शेडात." मग थोडं थांबून, "पण ताई, पाण्यात मी काय टाकतो ते माले समजते. पोत्यात आधीच काय टाकून येते ते कोण सांगन?"

परवा त्याने पोत्यावरच्या लेबलचा फोटो पाठवला. प्रथिनं इतके टक्के, तंतू इतके, ओलावा इतका. औषधाबद्दल एक अक्षर नाही, असल्याचं नाही आणि नसल्याचंही नाही. सुपरवायझरला त्याने लेखी विचारलंय. तो म्हणाला, वर विचारून सांगतो.

पुढची पिल्लं मंगळवारी येणार आहेत. मामीने साकोलीच्या बाजारातून पाच किलो ओवा आणून ठेवलाय.